तळ्याजवळची बालवाडी

पनवेलमध्ये कुणाला "तळ्याजवळ" असा पत्ता सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे... गावाला तळ्यांची ददात नाही, आणि ज्याच्या त्याच्या लेखी तळं म्हणजे आपल्या दारासमोरचं. डॉक्टर मूळचे घाटावरचे, त्यांना हे ठाऊक नसावं. त्यांनी माझं पोट दाबून पाहिलं, पापण्या खाली ओढून डोळे पाहिले आणि गोळ्यांच्या चिठ्ठीमागे लिहिलं, 'तळ्याजवळची बालवाडी. गुरुवार, संध्याकाळी सहा.' मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "दारू सोडू बघणारी माणसं तिथं जमतात. एकमेकांशी बोलतात, बस्स. पाटी लावत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. तुम्हाला काय, पोस्टमनला पत्ता शोधायला कितीसा वेळ लागणार?"

मला सात आठवडे लागले.

वीस वर्षांहून जास्त काळ मी या गावात टपाल वाटलं. कुठल्या चाळीत कुणाचं दार तिसरं आणि कुणाच्या कुत्र्याला खाकीचा राग, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून पत्र परत पाठवणं मला कमीपणाचं वाटायचं. आणि हाच पोस्टमन सकाळी टपाल वाटायला बीटवर निघाला की आधी सायकल बाजारामागच्या गल्लीत लावून दोन घोट घ्यायचा. लोकांना वाटतं, दारुड्याचे हात थरथरतात. अर्धं खरं आहे. दारुड्याचे हात दारू नसली की थरथरतात. दोन घोट पोटात गेले की माझे हात असे स्थिर व्हायचे की सुईत दोरा ओवावा. घरच्यांना हा फरक कळायला फार वर्षं लागतात.

मी मूळचा खाडीकडच्या एका गावातला. आमच्याकडे पिण्याला व्यसन म्हणत नसत, मान म्हणत. बारशाला मान, हळदीला मान, मयतावरून परत आलेल्यांना मान. पाहुण्याच्या हातात ग्लास दिला नाही तर तो वर्षभर बोलून दाखवायचा, आणि दिलेला ग्लास त्यानं नाकारला तर यजमान आयुष्यभर. हे मी कारण म्हणून सांगत नाही. माझे दोन चुलतभाऊ त्याच मांडवांत वाढले आणि सरबतावर राहिले. मला मात्र हा मान रोज सकाळी स्वतःलाच द्यायची सवय लागली.

माझी बायको बोलून बोलून थकली आणि मग बोलायची थांबली. तिच्या बोलण्यापेक्षा ते थांबणं वाईट होतं. बाहेर कुणाला पत्ता नव्हता, कारण मी पडणारा, शिव्या देणारा दारुडा नव्हतो. शांतपणे प्यायचो, शांतपणे जेवायचो, शांतपणे झोपायचो. मोहल्ल्यात एक म्हातारी होती, तिचा मुलगा कुवेतला. एका सकाळी गल्लीत जायची संधी मिळाली नाही आणि तिच्या रजिस्टर पत्रावर सही घेताना माझ्या हातातला कागद फडफडायला लागला. ती म्हणाली, "बाबा, हात कापताय तुजा. शुगर तपासून घे. अल्ला खैर करो." आणि तिनं मला आत बसवून बिनसाखरेचा चहा पाजला. मी तो निमूट प्यालो. शुगर असती तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं. शुगरवाल्याला लोक चहा तरी देतात.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. स्थळ उलव्याकडचं. मुलगा तळोज्याला कारखान्यात, पाळीची नोकरी, सरळ माणूस. पण माझी बायको मुलापेक्षा सासऱ्यावर खूश होती. मध्यस्थानं सांगितलं होतं की त्या घरात कुणी पीत नाही, सासरे तर थेंबाला शिवत नाहीत. "दिवा घेऊन शोधलं तरी असं घर मिळायचं नाही," ती म्हणाली. माझ्याबद्दल त्यांना काय सांगितलं गेलं, तर सरकारी नोकरी आणि माणूस शांत. दोन्ही खरंच होतं.

लग्न ठरल्यावर एका दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. भांडली नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "बाबा, कन्यादानाला आई तुमच्या ओंजळीत पाणी सोडणार आणि ते तुमच्या हातून माझ्या हातात यायचं असतं. तेवढं सांडू देऊ नका. बाकी मी काही मागत नाही."

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो होतो.

आता शोधायचं कसं? पोस्टमननं कुणाला पत्ता विचारला की समोरचा उलट विचारतो, "कुणाचं पत्र?" गणवेश उतरवून साध्या कपड्यांत गेलो तरी तेच. पहिल्या गुरुवारी एका तळ्याकाठच्या बालवाडीपाशी घुटमळलो, तर आत बचत गटाच्या बायका. त्यातली एक दारात आली आणि म्हणाली, "पोस्टमनदादा, कुणाचं पत्र?" मी म्हणालो, कुणाचंच नाही, आणि पळालो. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या तळ्यापाशी एका खोलीत माणसं डोळे मिटून बसलेली दिसली. मला वाटलं, सापडलं. चपला काढून मीही मागे जाऊन डोळे मिटले. अर्ध्या तासानं घंटा वाजली, आरती झाली आणि माझ्या हातावर शिरा पडला. कुठल्याशा महाराजांचा सत्संग होता तो. आता हसू येतं. त्या दिवशी त्या शिऱ्याचा द्रोण हातात धरून मी तळ्याच्या कठड्यावर बसलो आणि मला रडू आलं.

मग मला एक युक्ती सुचली, आणि ती पोस्टमनलाच सुचावी अशी होती. मी एक कोरं पाकीट घेतलं आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं, 'व्यवस्थापक, बालवाडी, तळ्याजवळ, पनवेल.' आत काही घातलं नाही. पाकीट चिकटवलं. आता "कुणाचं पत्र?" म्हणून कुणी विचारलं की मी ते पुढं करायचो आणि म्हणायचो, "बघा ना, पत्ता अपुरा आहे. गुरुवारी संध्याकाळी कुठली बालवाडी उघडी असते?" लोक मदत करायला लागले. पत्र पोचावं असं सगळ्यांना वाटतं. माणसाचं तसं नसतं.

सातव्या गुरुवारी झाडू मारणाऱ्या एका बाईनं पाकिटाकडे न बघताच सांगितलं, "ती काय, वरती. गुरवारी बाप्ये येतात. पोरांच्या बाकावर बसतात न चाय पिऊन जातात. काय बोलतात देव जाणे, पन कप धुऊन ठेवतात."

लोखंडी जिना होता. वर दाराशी दहा-बारा चपलांचे जोड. दार अर्धं उघडं. आत भिंतीवर अननस आणि आगगाडीची चित्रं, आणि मोठी मोठी माणसं वीतभर उंचीच्या बाकांवर गोल करून बसलेली, गुडघे छातीशी आलेले. मी चपला काढल्या. खरंच काढल्या. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, तेवढ्यात आतून एक आवाज ऐकू आला आणि तो मला ओळखीचा वाटला.

"मला अकरा महिने झाले," तो आवाज म्हणत होता. "पोराचं लगीन हाय आता. सून येतेय घरात. पोर लय गुणाची हाय. तिच्यासमोर पडायचं नाय मला. येवढंच मागतोय."

त्यांची पाठ आधी दिसली आणि मग, ते वळले तेव्हा, चेहरा. माझे होणारे व्याही.

ते का पनवेलला येत होते हे मला लगेच कळलं. आपल्या गावात कुणी ओळखू नये म्हणून. सात-आठ मैल लांबची खोली माझ्यासारखीच त्यांनीही शोधली होती. हे आज कळतं तितक्या सहज तेव्हा कळलं असं लिहितोय खरा, पण तेव्हा डोक्यात एकच होतं. यांनी मला पाहिलं. मुलीच्या बापाला, लग्नाला सहा आठवडे असताना, दारुड्यांच्या खोलीच्या दारात, चपला काढून उभा असलेला. आणि त्यांनी खरंच पाहिलं होतं. त्यांचं बोलणं मधेच थांबलं.

मी हातातलं पाकीट वर केलं, टपाल द्यायला आल्यासारखं. ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. खाली झाडूवाली म्हणाली, "पोचलं का पत्र?" मी म्हणालो, पोचलं.

पुढचे सहा आठवडे मी फोनची वाट बघत काढले. आज लग्न मोडल्याचा फोन येईल, उद्या येईल. आला नाही. त्यांच्या मौनाचा अर्थ मी रोज वेगळा लावत होतो. कधी वाटायचं, लग्नाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहेत. कधी वाटायचं, माझी कीव करताहेत. त्यांनाही माझी भीती वाटत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. 'अकरा महिने' हे दोन शब्द मी ऐकले होते आणि त्यांचा अर्थ मला पक्का कळत होता. माझा एक दिवस जात नव्हता, मला नाही कळणार तर कुणाला? तरी मी त्या सहा आठवड्यांत पूर्वीपेक्षा जास्त प्यालो.

हळद आमच्या गावातल्या घरी होती. आमच्यात आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद नवरीकडे येते. ती घेऊन बायका येतात, सोबत दोनचार पुरुष. नवरदेवाच्या बापानं स्वतः यायची गरज नसते. त्याच्या घरी मांडव भरलेला असतो, त्याला कुठून सवड? पण संध्याकाळी जीप थांबली आणि त्यातून व्याही उतरले. पांढरा शर्ट, कपाळाला हळदीचं बोट. बेंजो वाजत होता, मांडवात धवलारीण लग्नाची गाणी गात होती आणि माझी मुलगी पाटावर बसली होती. घरामागच्या आडोशाला पुरुषमंडळी ग्लास घेऊन बसली होती, त्यांच्यात मीही. व्याही सरळ माझ्याकडे आले, माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, जरा बाजूला या. तुमच्याशी बोलाचं हाय."

आलं. आता सांगणार. मोडणार.

मी उठलो आणि मोठ्यानं ओरडलो, "व्याहीबुवांचा मान!" लगेच सगळ्यांनी गलका केला. कुणीतरी भरलेला ग्लास माझ्या हातात दिला आणि मी तो त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "नको." फार हळू म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "आधी बोलू."

तेव्हा मी जे म्हणालो ते मी मेलो तरी माझ्या कानांतून जाणार नाही. मी हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पोरीच्या मांडवात नाय म्हणता?"

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला विचारा. या प्रश्नाला उत्तर नाही. नाही म्हटलं तर पोरीचा अपमान, तिच्या बापाचा, तिच्या गावाचा. व्याह्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग मांडवाच्या कापडाच्या फटीतून माझी मुलगी दिसत होती, तोंडभर हळद, मान खाली, तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि एका दमात तो ग्लास रिकामा केला. टाळ्या पडल्या.

दुसरा त्यांनी स्वतः मागून घेतला. तिसराही. जाताना दोघांनी धरून त्यांना जीपमध्ये बसवलं. माझ्याशी काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. आता हे कुणाला काही सांगू शकत नाहीत, हे आता माझ्यासारखेच, असं मला वाटलं. एवढं नीच दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही, आणि करताना मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न. कन्यादानाला बायकोनं कलशातून धार धरली, ती माझ्या ओंजळीत आली, माझ्या ओंजळीतून मुलीच्या. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. तिला वाटलं, बाबांनी शब्द पाळला. सकाळी मी मांडवामागे जाऊन दोन नाही, चार घोट घेतले होते.

त्यानंतरची तीन वर्षं मला थोडक्यात सांगायची आहेत, कारण ती मी जगलो नाही, माझी मुलगी जगली. सासरे प्यायला लागले ते थांबलेच नाहीत. शेजारी म्हणायचे, विमानतळासाठी जमिनी गेल्या, हाती काम उरलं नाही, म्हणून पितात. विमानतळाकडची सगळीच माणसं पितात म्हणे. मला ते ऐकायला बरं वाटायचं. तिचा नवरा रात्रपाळीला असला की सासऱ्यांना ओट्यावरून उचलून आत आणायचं काम तिचं. ज्या सुनेसमोर पडायचं नव्हतं तिनंच त्यांना उचलायचं. माहेरी आली की ती यातलं काही सांगायची नाही, पण तिच्या खांद्याला मलमाचा वास यायचा. माझी बायको चिडायची. "फसवलं आपल्याला. म्हणे थेंबाला शिवत नाहीत!" मी पेपर वाचत बसायचो.

एकदा मुलगी तिच्या लहानग्या लेकीला घेऊन आली होती. बाळाला भरवता भरवता म्हणाली, "बाबा, पनवेलला दारू सोडणाऱ्यांची कसलीशी मिटिंग भरते म्हणे. पाटीबिटी नसते, त्यामुळे कुणाला सापडत नाही. सासऱ्यांसाठी बघायचं होतं. तुम्ही पोस्टमन, तुम्ही द्याल का शोधून?"

मी पेपर खाली न ठेवता सांगितलं. कुठलं तळं, कुठली गल्ली, लोखंडी जिना, गुरुवारी सहा वाजता, चपला बाहेर काढायच्या. सांगून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो.

तिनं चमचा वाटीत ठेवला. "तुम्ही गेला होतात?"

"दारापर्यंत," मी म्हणालो.

तिनं बाळाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मग त्यांना घेऊन जा. तुम्ही सोबत असलात तर जातील."

मी पुढच्याच आठवड्यात गेलो. व्याही खाटेवर होते. पोट घागरीसारखं फुगलेलं आणि त्याच्याखाली काठीसारखे पाय, डोळे पिवळे. मला पाहून त्यांना आनंद झाला, हे मला सहन होईना. त्यांनी सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं, उशाखालची प्लास्टिकची पिशवी ओढली, तिच्यातले जमिनीचे कागद बाजूला केले आणि एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. 'व्यवस्थापक, बालवाडी, तळ्याजवळ, पनवेल.' माझं अक्षर. एका बाजूनं फाडलेलं.

"तुमचं टपाल," ते म्हणाले.

मी फाडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी तुमी गेल्यावर मीच फोडलं. आत काय नाय. वर तिकीट नाय, शिक्का नाय. म्हटलं, टपाली येवढा येडा नसतो. हा मानूस पत्र द्यायला नाय आला. हा बसायला आला व्हता." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "आन माझ्यापायी गेला. मला बघून गेला. लय वाईट वाटलं. फोनवर कसं बोलाचं असलं? म्हणून म्हटलं, हळदीला जाऊ, बाजूला घेऊन सांगू, की व्याहीबुवा, लाजू नका, येत्या गुरवारी आपुन दोघं जाऊ." ते हसले. "मी तुमाला न्यायला आलो व्हतो."

मी त्यांचे पाय धरले. ते पाय ओढून घ्यायला लागले, पण त्यांच्यात ताकद नव्हती. मी म्हणालो, "चला, या गुरुवारी चला, मी उचलून नेतो तुम्हाला." ते म्हणाले, "आता जिना नाय चढवत." माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला कुठंतरी टेकायला जागा मिळाली असती. मी मान वळवली तर दारात मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती, कळलं नाही. तिनं कप खाली ठेवले आणि आत गेली.

दोन आठवड्यांनी, एका मंगळवारी, व्याही गेले.

घरात माणसं येत-जात होती. मयतावरून आलेल्यांना आमच्यात जो मान द्यायची रीत आहे तो मागच्या ओसरीवर चालू होता, ज्या कारणानं माणूस गेला तेच ग्लासात घालून. मीही घेत होतो. गुरुवारी सकाळीही घेतली. दुपारी मुलगी माझ्याजवळ आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आज गुरुवार आहे."

एवढंच म्हणाली. तिनं त्या दिवशी दारात किती ऐकलं हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. तेव्हा मात्र मला कळलं की सगळं ऐकलं.

मी उठलो. पाकीट खिशात होतं. रिक्षा, मग एसटी, मग पायी. तळ्याला वळसा घातला. जिना तोच, चपलांचे जोड तसेच, अननस आणि आगगाडी जागच्या जागी. आतल्या माणसांत मला एकही चेहरा ओळखीचा नव्हता. दाराजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मी खिशातून काढलेल्या पाकिटाकडे पाहून विचारलं, "कुणाचं पत्र?"

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून आत पाहिलं, उलटं करून पाहिलं, परत माझ्याकडे दिलं आणि सरकून बाकावर जागा केली. मी बसलो. गुडघे छातीशी आले.

एकेक जण बोलत होता. माझी पाळी आल्यावर काय काय सांगायचं ते मी एसटीत ठरवून ठेवलं होतं. अकरा महिने, हळद, ग्लास, पोरीच्या मांडवात नाय म्हणता, सगळं. पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आजपासून मी सोडली आहे. आज घेतलेली नाही." सगळ्यांनी मान डोलावली. कुणी काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते. बायकोला, मुलीला, मोहल्ल्यातल्या म्हातारीला फसवणं जसं सोपं होतं तसंच.

मग चहा आला. गरम चहा, काठोकाठ भरलेला. मी कप घेतला, तोंडाला लावला, परत बशीत ठेवला. बशीत थेंब नाही.

शेजारचे ते म्हातारे गृहस्थ माझ्या हाताकडे बघत होते. रागानं नाही. जसं मी एखाद्या पाकिटावरचा पत्ता वाचतो, तसं बघत होते. मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "सोडल्याच्या पहिल्या दिवशी कुणाचाच हात इतका स्थिर नसतो हो. सकाळी घेतलीत ना?"

कपबशी तशीच हातात धरून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.